सृष्टिसहवास आणि मनाचे आरोग्य

‘चार दिवस कोठे तरी मोकळ्या हवेत जाऊन या, म्हणजे बरे वाटेल,’ हा सल्ला ज्याने कधी दिला नाही असा वैद्य आणि ज्याने कधी ऐकला नाही असा रोगी, हे दोघेही विरळाच. शोक असो, अपयश असो, की नुसताच संसाराचा कंटाळा असो, या एका उपायाचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. सल्ला इतका सर्वमान्य आहे की, तो खरा का आहे आणि कोणाच्या बाबतीत खरा आहे, हे विचारण्याची कोणास गरजच भासत नाही. मलाही ती भासली नसती. परंतु काही वर्षांपूर्वी हा सल्ला माझ्याच वाट्यास आला. तो मी पाळला, त्याचा मला गुणही आला. आणि गुण येत असतानाच असे काही पाहण्यात आले की, त्या सल्ल्याविषयी एक प्रश्न माझ्या मनात कायमचा घर करून बसला. तो मला जितका उलगडला तितका वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या वर्षी मला झोप येईनाशी झाली होती. पंचवीस वर्षे जी पुस्तके शिकवीत आलो, ती उघडली की अक्षरे दिसत, पण अर्थ मनात उतरत नसे. वर्गात बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटे आणि ते कोठे न्यावयाचे होते हेच आठवत नसे. कसलेही मोठे संकट कोसळले नव्हते. त्यामुळे घरच्यांस काय सांगावे, हेही कळेना. डॉक्टरांनी औषधे दिली, ती मी नियमाने घेतली, आणि त्यांनीच हवापालटाचा सल्ला दिला. थंड हवेच्या एखाद्या गावी जाऊन परक्या माणसांत वावरण्याची उमेद नव्हती. बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकर येथे माझे थोरले मामेभाऊ शेती करतात. महाविद्यालयातील माझे तास सहकाऱ्यांनी वाटून घेतले, आणि माघ-फाल्गुनाचे सहा आठवडे मी दादांकडे जाऊन राहिलो.

नीरा-बारामती रस्त्यावरचे हे गाव. दक्षिणेस नीरा नदी व तिच्या पलीकडे फलटणचा मुलूख. आणि मधल्या पट्ट्यात नीरेच्या डाव्या कालव्याच्या कृपेने पसरलेला, नजर पोहोचेल तेथवर ऊसच ऊस. मी रोज सकाळी पाटाच्या कडेने हिंडावयास जाऊ लागलो. पहिले काही दिवस हिंडणेही एक कामच वाटे. किती पावले झाली, किती वेळ गेला, गुण येतो की नाही, हाच हिशेब डोक्यात चाले. तिसऱ्या आठवड्यातील एका सकाळी तारेवर बसलेल्या वेड्या राघूने झेप घेऊन एक माशी टिपली व तो पुन्हा त्याच जागी येऊन बसला. पुन्हा झेप, पुन्हा तीच जागा. हे मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. परंतु भानावर आलो तेव्हा ध्यानात आले की, गेली घटकाभर मी माझ्या दुखण्याचा विचारच केलेला नव्हता. त्या रात्री मला बऱ्याच महिन्यांनी सलग झोप लागली.

हा अनुभव काही माझा एकट्याचा नव्हे, आणि अलीकडे शास्त्रज्ञांनीही तो तपासून पाहिला आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अवधानाचे दोन प्रकार सांगितले होते. एक, आपण प्रयत्नाने एखाद्या गोष्टीवर खिळवून ठेवतो ते. दुसरे, एखादी गोष्ट आपण होऊन ओढून घेते ते. हाच धागा पुढे मिशिगन विद्यापीठातील रेचेल व स्टीफन कॅप्लन या दांपत्याने हाती घेतला. त्यांचे म्हणणे असे की, हिशेब करताना, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना, गर्दीतून वाट काढताना जे पहिल्या प्रकारचे अवधान झिजते, ते ढग, पाने, वाहते पाणी यांच्या सहवासात विसावा पावते. कारण या गोष्टी मनास धरून ठेवतात, पण राबवीत नाहीत. रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी तपासून १९८४ साली एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. तेवीस रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती. त्यांच्याशी वय वगैरे बाबतींत जुळणाऱ्या दुसऱ्या तेवीस जणांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रोगी सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांस कडक वेदनाशामक औषधेही कमी लागली. २०१५ साली कॅलिफोर्नियात अडतीस माणसांवर केलेल्या एका प्रयोगात काहींस दीड तास गवत व झाडे असलेल्या माळावरून चालविले, काहींस तितकाच वेळ वाहनांच्या रहदारीच्या रस्त्याने. माळावरून आलेल्यांच्या मनातील कुढणे, म्हणजे स्वतःच्या उण्यांविषयी तोच तोच विचार उगाळीत राहणे, कमी झाल्याचे आढळले. रस्त्याने चाललेल्यांत तसा फरक पडला नाही. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असेही दिसून आले की, आठवड्यातून एकंदर दोन तास किंवा अधिक वेळ जे सृष्टीच्या सान्निध्यात घालवितात ते आपली प्रकृती व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. यांतील कोणताही एक पुरावा अखेरचा नव्हे. आधीच सुखी व धडधाकट असलेली माणसेच अधिक हिंडत असतील, ही शंका शेवटच्या पाहणीबाबत रास्तच आहे. तथापि सर्व पुरावे एका दिशेने बोट दाखवितात, हे मान्य केले पाहिजे.

माझ्या पिढीच्या ज्या लोकांचे शिक्षण इंग्रजी ग्रंथांवर झाले, त्यांस या ठिकाणी जॉन स्टुअर्ट मिलची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८२६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, या असामान्य बुद्धीच्या तरुणाने स्वतःस विचारले की, ज्या सुधारणांसाठी मी झटतो आहे त्या सर्व आज या क्षणी घडून आल्या तर मी सुखी होईन काय? आतून स्पष्ट उत्तर आले : नाही. त्यासरशी त्याच्या आयुष्याचा पायाच खचला. पुढे १८२८ साली वर्ड्स्वर्थची कविता वाचून आपणास मोठा दिलासा मिळाला, असे तो आपल्या आत्मचरित्रात सांगतो. पण तेथे तो एक मार्मिक गोष्टही नमूद करतो. डोंगर व तळी यांचे नुसते वर्णन हे त्या दिलाशाचे कारण नव्हते; वर्णनच हवे तर स्कॉट अधिक चांगले करतो, आणि एखादा साधारण देखावा प्रत्यक्ष पाहणे त्याहूनही परिणामकारक. आपणास जे मिळाले ते असे की, शांतपणे न्याहाळण्यात टिकाऊ सुख आहे, आणि त्या सुखासाठी माणसांकडे पाठ फिरवावी लागत नाही. उलट त्यांच्या सुखदुःखांविषयीची आस्था वाढते. याच मिलचा ‘निसर्ग’ या विषयावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने निसर्गास नीतीचा गुरू मानणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. माणसाने केल्यास आपण फाशी देऊ अशी कृत्ये निसर्ग दररोज निर्विकारपणे करतो, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. एकाच माणसास सृष्टीने जगविले आणि त्याच माणसाने तिला निर्दय ठरविले, यात विसंगती आहे काय? वडगावास जाईपर्यंत मला ती आहे असे वाटत असे.

एका रात्री दोनच्या सुमारास दादा उठलेले पाहून मीही उठलो. शेजपाळीने त्यांची पाण्याची पाळी त्या वेळी येणार होती. हातात बॅटरी, खांद्यावर फावडे, असे ते निघाले. मी मागोमाग गेलो. पौर्णिमा जवळ आली होती. चारीतून पाणी सरीत शिरत होते आणि सुकलेली जमीन ते पिताना एक बारीक आवाज येत होता. उसाच्या पात्यांवर चांदणे पडलेले, ओल्या मातीचा वास, दूर कोठे टिटवी ओरडलेली. मला इतका आनंद झाला की तो आवरेना. “काय सुंदर रात्र आहे, दादा!” असे मी म्हणून गेलो.

दादा गुडघाभर चिखलात उभे राहून दारे धरीत होते. ते लगेच काही बोलले नाहीत. एक दार मोडून दुसरे लावले, पाणी पुढच्या सरीत वळले, तेव्हा फावड्यावर हात टेकून म्हणाले, “तुला चांदणं दिसतंय रं. मला पाळी दिसती. वरच्या अंगाला कुणी पाणी फोडलं, तर कडंचा ऊस कोरडा राहतोय. तोडीला टोळी अजून येईना. तुरा आलाय, वजन घटतंय. पोरीचं लगीन काढलंय वैशाखात.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले. एकाच शेतात, एकाच चांदण्यात आम्ही दोघे उभे होतो. सृष्टिसहवासात जर औषधासारखी अंगभूत शक्ती असेल, तर ती आम्हा दोघांस सारखीच लागू पडावयास हवी होती. किंबहुना माझी मात्रा सहा आठवड्यांची, तर त्यांची साठ वर्षांची! असे असता झोप मला येऊ लागली होती आणि जागे ते होते.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शेतात तोडीची टोळी उतरली. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ही माणसे दिवाळीच्या सुमारास निघतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत राबतात, उघड्या रानात कोप्या घालून राहतात, आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. पहाटे धुके फिटण्यापूर्वी कोयते चालू झाले होते. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. तिचे मूल बांधावर पाचटात निजविलेले होते. पायाखाली माती, डोक्यावर आकाश, सकाळचे कोवळे ऊन, पाखरांचा कलकलाट, ज्या ज्या गोष्टींची यादी माझ्या डॉक्टरांनी केली होती त्या सर्व तिच्या वाट्यास आल्या होत्या. तिच्याइतका अखंड सृष्टिसहवास पुण्यामुंबईच्या कोणत्या श्रीमंतास लाभत असेल? पण ‘तू भाग्यवान आहेस’ असे तिला सांगण्याचे धाडस ज्यास होईल, त्याच्या मनाच्या आरोग्याविषयीच शंका घ्यावी लागेल.

आकडे पाहिले तरी हेच दुहेरी चित्र दिसते. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत घरोघर जाऊन मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत खेड्यांतील प्रौढांपैकी शेकडा सुमारे सात, तर महानगरांतील शेकडा जवळजवळ पंधरा माणसांस त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले. एकंदरीत खेडे मनास अधिक मानवते, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील. परंतु त्याच देशात २०२२ साली शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांतील ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातील होती. या माणसांस हिरवळ दिसत नव्हती असे थोडेच होते? ढगाकडे तर त्यांच्याइतके एकाग्रतेने कोणीच पाहिले नसेल. पण ते पाहणे आणि माझे पाहणे यांत जमीनअस्मानाचे अंतर होते.

ते अंतर कशाचे? येथे मी ज्यास ‘सृष्टी’ म्हणून डोळे भरून पाहत होतो तिच्याविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वडगावची हिरवाई देवाने दिलेली नाही. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा प्रदेश होरपळून निघाल्यानंतर, १८८० च्या दशकात वीरजवळून नीरेचा डावा कालवा खोदला गेला आणि भाटघरच्या साठ्यातून त्यास पाणी मिळाले. तेव्हापासूनची ही हिरवाई. म्हणजे मला ज्या निसर्गाचा गुण आला तो पाटबंधारे खात्याने घडविलेला होता. या तालुक्याचे जुने, अस्सल रूप पाहावयाचे असेल तर कालव्याची हद्द ओलांडून उत्तरेस मोरगाव-सुप्याकडे गेले पाहिजे. तेथे पाऊस थोडा, माती उथळ, आणि माळावर वाळलेले पिवळे गवत. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. मी एक दिवस तेथे गेलो. डोळ्यांस सुखविणारे असे प्रथमदर्शनी तेथे काहीच नव्हते. पण तासाभराने चिंकाऱ्यांची एक जोडी बाभळींच्या आडून आली, थांबली, माझ्याकडे पाहून क्षणभर कान टवकारले, आणि मी कोणीच नाही अशी खात्री झाल्यावर पुन्हा चरू लागली. ‘मी कोणीच नाही’ या जाणिवेचा इतका आनंद होऊ शकतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

तेव्हा गुण येतो तो हिरव्या रंगाचा नव्हे. ज्या ठिकाणी आपणाकडे कोणी काही मागत नाही, आपणावाचून कोणाचे काही अडत नाही, आणि तरीही पाहण्यासारखे पुष्कळ असते, अशा ठिकाणी मन स्वतःस विसरते. आणि ज्या मनास स्वतःचा विसर पडत नाही तेच आजारी मन. माळ माझ्याकडे काही मागत नव्हता. वडगावचा ऊसही माझ्याकडे काही मागत नव्हता. दादांकडे मात्र त्याची प्रत्येक सरी काही तरी मागत होती. मिलची विसंगतीही येथे सुटते. निसर्ग निर्विकार आहे, हे दोन्ही वेळा खरेच होते. ज्याचे पोट त्याच्यावर अवलंबून आहे त्यास ती निर्विकारता निर्दयता वाटते. ज्याचे काही अवलंबून नाही त्यास तीच विश्रांती वाटते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग हे श्रेय निसर्गाचे नसून फुरसतीचे आहे, रिकामा वेळ असला की नाटक-सिनेमानेही हेच साधेल.’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियातील प्रयोगात दोन्ही गटांस फुरसत सारखीच होती, चालणेही सारखेच होते. फरक फक्त वाटेचा होता, आणि तरीही परिणाम निराळा झाला. फुरसत हा दरवाजा आहे. तो उघडल्यावाचून आत काहीच येणार नाही. पण उघडल्यावर आत काय येते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हल्ली पुष्कळ सुखवस्तू मंडळी शेतात बंगला बांधतात, दर शनिवारी तेथे जातात, आणि ओसरीवर बसून हातातल्या मोबाइलकडे पाहत राहतात. दरवाजा उघडला, पण घराचे मालकच पाठमोरे बसले, असा तो प्रकार होय.

दादांचा दरवाजा कधीच उघडत नसेल काय? या प्रश्नाचे उत्तर मला आषाढात मिळाले. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीस मुक्काम करून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरीस जाते. दादा दर वर्षी बारामतीस तिला मिळतात. त्या वर्षी बारामती ते सणसर एवढी मजल मीही त्यांच्याबरोबर चाललो. काटेवाडीच्या पुढे दिंडी जरा थांबली असता दादा रस्त्याच्या कडेस गेले आणि एका शेताकडे पाहत उभे राहिले. नुकतीच उगवलेली बाजरी होती. वाऱ्याची झुळूक आली की सगळे शेत एका अंगावर कलत होते. “काय उगवलीय बघ!” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी वडगावास सहा आठवड्यांत पाहिले नव्हते. मी विचारले, “घरचं शेत पाहून असं वाटत नाही का?” ते हसले. “घरी शेत कुठं दिसतंय? घरी देणं दिसतं. हे लोकाचं हाय, म्हणून दिसतंय.”

वारीत भजन असते, सोबत असते, श्रद्धा असते. त्या सर्वांचा वाटा मी नाकारीत नाही. पण सृष्टीचे सौंदर्य शेतकऱ्यास कळत नाही, ते आम्हा शिकलेल्यांसच कळते, हा जो एक सुशिक्षित गैरसमज आहे, तो त्या बाजरीच्या शेतापाशी माझ्यापुरता कायमचा संपला. डोळे त्यांचे माझ्याहून तयार होते. फक्त ते उघडावयास सवड हवी होती. आणि ती सवड कशी मिळाली? मी सहज विचारले, “मागं पाण्याचं कोण बघतं?” ते म्हणाले, “शेजारी बघतो. त्याच्या वेळंला मी बघतो.”

हे साधे उत्तर मला या सर्व विषयाचे मर्म वाटते. कोणी तरी आपली पाळी धरतो, म्हणून आपणास सृष्टी दिसते. वडगावास मी पाखरे पाहत होतो, त्या वेळी माझे तास माझे सहकारी घेत होते आणि माझ्या ताटातल्या भाकरीसाठी दादा रात्रीचे उठत होते. आमच्या पूर्वजांनी वानप्रस्थाश्रम सांगितला तो संसाराचा भार पुत्राने उचलल्यानंतरचा; भार तसाच टाकून वनात जावे, असे त्यांनी सांगितले नाही. म्हणजे सृष्टीतील एकांत हा दिसावयास एकट्याचा असला तरी तो नेहमी दुसऱ्याच्या श्रमावर उभा असतो. ज्यास तो लाभला, त्याने तो फुकट मिळाला असे समजू नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. सृष्टिसहवास हे औषध नव्हे. ते पथ्य आहे. पथ्याने औषधाचा गुण वाढतो, पुष्कळदा रोग टळतोही. पण रोग अंगात भिनला असता केवळ पथ्यावर भिस्त ठेवणारा मनुष्य स्वतःचा घात करून घेतो. बालकवींइतकी सृष्टीशी एकरूप झालेली वृत्ती मराठी कवितेत दुसरी दाखविणे कठीण. तरी त्याच कवीच्या कवितेवर उदासीनतेची गडद छाया पडलेली आहेच. ज्याची झोप, भूक व जगण्याची इच्छा नाहीशी होत आहे, त्यास ‘जरा टेकडीवर फिरून ये’ एवढेच सांगून वाटेस लावणे हे अज्ञान तरी असते किंवा निष्काळजीपणा तरी. त्यास आधी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. माझी औषधे मी वडगावासही घेत होतो, हे मी मुद्दाम सांगतो.

मग सुशिक्षित कुटुंबांनी यातून काय घ्यावे? मला वाटते, दोन गोष्टी. पहिली ही की, पथ्य हे दररोज थोडे थोडे करावयाचे असते. आठवड्याचे दोन तास म्हणजे दिवसाची सतरा-अठरा मिनिटे. त्यासाठी डोंगरात घर नको. घराजवळ एखादी टेकडी, एखादा नदीकाठ, चार जुनी झाडे पुरेत. पुण्यातील वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या योजनेस २०२३ साली कित्येक नागरिकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, तेव्हा काही शहाण्यांस तो रिकामटेकड्यांचा छंद वाटला. पण टेकडी ही एकच अशी बाग आहे की, जेथे धुणीभांडी करणारी बाई आणि बंगल्याची मालकीण यांस एकाच दराने, म्हणजे विनामूल्य, प्रवेश मिळतो. ज्यास शेतात बंगला बांधता येत नाही त्याच्या मनाचे आरोग्य अशा जागांवरच अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ‘निसर्गात जा’ असा उपदेश करण्यापूर्वी, समोरच्या माणसाची पाळी कोण धरणार आहे, हे आपण विचारले पाहिजे. घरातील गृहिणीस ‘तू सकाळी फिरावयास जात जा’ असे सांगणारा पती त्या वेळेचा चहा स्वतः करणार आहे काय? कारकुनास सुटी घेण्याचा सल्ला देणारा वरिष्ठ त्याचे काम दुसऱ्यास वाटून देणार आहे काय? आणि त्या मोळी वाहणाऱ्या बाईची पाळी धरावयाची म्हणजे काय करावे लागेल? तिच्या मुलासाठी पाळणाघर, तिच्या उचलीचा न्याय्य हिशेब, आजारपणात न कापली जाणारी मजुरी. सृष्टीशी काडीचाही संबंध नसलेल्या या गोष्टी घडल्या तरच एखाद्या सकाळी धुके फिटताना तिला ते धुके दिसेल. सौंदर्याचा प्रश्न असा फिरून फिरून न्यायाच्या प्रश्नापाशी येतो. मिलला कवितेने जी माणसांविषयीची आस्था दिली, ती हीच असावी. ज्या सृष्टिसहवासातून ही आस्था घेऊन मनुष्य परत येत नाही, त्याने त्याची थकावट गेली असेल, पण मन बरे झाले असे म्हणवत नाही.

माझ्या हातून याबाबतीत फारसे काही घडले आहे, असा माझा मुळीच दावा नाही. गेल्या माघात मी पुन्हा वडगावास गेलो होतो. दादांचे गुडघे आता दुखतात. एका रात्री त्यांची पाळी आली तेव्हा मी हट्टाने म्हणालो, “तुम्ही निजा, आज दारे मी धरतो.” ते नाही-होय करीत अखेर निजले. मी फावडे घेऊन गेलो. कोणते दार केव्हा मोडावयाचे, कोणते लावावयाचे, याचा गोंधळ उडाला. एका ठिकाणी बांध फुटून पाणी शेजारच्या गव्हात शिरले, आणि ते थोपविण्यात माझी चांगलीच त्रेधा उडाली. पहाटे परतलो तो कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. दादा गाढ झोपेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेत पाहिले आणि पुष्कळ हसले.

त्या रात्री चांदणे होते की नव्हते, हे मला आता आठवत नाही.